बेबीताईची दोन हजार दानं

आमच्या घरात इंजिनिअर मी आहे. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढच्या हकिकतीत त्याचा फारसा उपयोग झालेला दिसणार नाही. पुण्याच्या कंपनीत सात वर्षं नोकरी, त्यातली शेवटची तीन मलकापुरात घरी बसून. रोज आठ तास कोड लिहिते. आणि तरी जगभरच्या माणसांनी फुकटात, हौसेनं मिळून बनवलेल्या एका प्रोग्रामच्या यादीत हिवाळे हे आडनाव लागलं ते माझ्यामुळे नाही, माझ्या आईमुळे. आई दहावी पास आहे. कोड म्हणजे काय हे तिला अजूनही नीट माहीत नाही आणि माहीत करून घ्यायची तिची इच्छाही नाही.

आईचं नाव बेबीताई. ठेवणाऱ्यांना तेव्हा वाटलं नसेल की ही कधी साठीची होईल. सव्वीस वर्षं ती इथल्या एका जिनिंगमध्ये होती. कापसाची गाडी फाटकात आली की मीटरची सळई कापसात खुपसायची, ओलावा किती ते मोठ्यानं सांगायचं आणि रजिस्टरात लिहायचं, हे तिचं काम; त्या ओलाव्यावर भाव ठरायचा. तोंडानं फटकळ बाई. पण गाडीवाले शेतकरी दुसऱ्या कुणाकडून मोजून घ्यायला तयार नसत. बेबीताईनं आकडा सांगितला की वाद संपला. आईला या गोष्टीचा इतका अभिमान होता की पाहुणे आले, चहा झाला की ती ते वाक्य म्हणायचीच, "माह्या आकड्यावर कोनं बोट ठेवून दाखवावं!" मी लहानपणापासून हे ऐकून ऐकून कंटाळले होते.

निवृत्त झाल्यावर तिचा एकच नाद उरला, कवड्या. शेजारच्या रुखमाबाई, सत्तरी ओलांडलेल्या, शेतीवाल्या घरातल्या. त्या दोघींनी आमच्या ओट्यावरच्या शहाबादी फरशीवर खिळ्यानं पाच गुणिले पाच घरांचा पट कोरून ठेवलाय. चार कवड्या मुठीत खुळखुळवून टाकायच्या. जितक्या उताण्या पडतील तितकी घरं सोंगटी पुढे. चारही उताण्या पडल्या तर चंग, म्हणजे चार. चारही पालथ्या पडल्या तर अष्टा, म्हणजे आठ. चंग किंवा अष्टा पडला की पुन्हा टाकायला मिळतं. असं टाकलेल्या कवड्यांना दान म्हणायचं. कवड्या आईच्या आईच्या, धाड गावच्या घरातून आलेल्या, पिवळट पडलेल्या. वीस वर्षं दोघी भांडत खेळत आल्यात. रुखमाबाई हरल्या की दोन दिवस भाजी उसनी मागायला येत नाहीत.

गेल्या हिवाळ्यात रुखमाबाई नातीच्या बाळंतपणासाठी बीबी गावाला गेल्या त्या दोन महिने आल्याच नाहीत. त्यात आईचा गुडघा धरलेला. घरात बसून ती माझ्या मागे लागली. माझ्या मीटिंग चालू असताना मागून "हा मानूस एकच गोष्ट तीनदा काऊन सांगून राह्यला?" असं मोठ्यानं विचारायची. (तिचं बरोबर असायचं, पण तरी.) शेवटी मी शोधाशोध करून तिच्या टॅबमध्ये तो प्रोग्राम टाकून दिला. जगभरचे जुने, पटावरचे दीडशे खेळ त्यात आहेत. सगळा ओपन सोर्स. म्हणजे आतला कोड कुणीही उघडून पाहावा, चूक सापडली तर सांगावी, जमलं तर दुरुस्त करून पाठवावी. त्यात कवड्यांचा आपला अष्टाचंगाही होता. मला वाटलं, सुटले.

अर्ध्या तासात हाक आली.

"मयुरे, हे मशीन खोटं आहे."

"हरली असशील."

"जितली मी! म्हनून तं म्हनते. पाच दानात एक चंग पडून राह्यला. एवढा चंग कधी पडते का? रुखमाबाई सारी सकाळ टाकते तवा दोन-चार पडतात."

मी हसले. संगणक लबाडी करतो ही तक्रार फाशांचा खेळ बनवणाऱ्या प्रत्येकाला रोज ऐकावी लागते. हरलेला माणूस फाशाला शिव्या देतो. पण आई जिंकून तक्रार करत होती, हे माझ्या लक्षातच आलं नाही. तिची कटकट थांबावी म्हणून मी तिच्या नावानं खातं उघडलं आणि तक्रारींच्या पानावर इंग्रजीत दोन ओळी लिहिल्या: कवड्यांचं दान बरोबर पडत नाही. तासाभरात तक्रार बंद झाली. खाली ठरलेलं उत्तर होतं. आमचे फासे लबाडी करत नाहीत, असल्या तक्रारी आम्ही घेत नाही, कृपया माहितीचं पान वाचा.

मी ते आईला मराठीत सांगितलं. तिचा चेहरा बदलला.

"मी लबाड म्हटलंच नाही. मी म्हटलं, कवडी अशी पडत नाही. याइले कवडी माहीत आहे का? कधी हातात धरली का?"

आता मात्र मी कोड उघडून पाहिला. इतके दिवस पाहिला नव्हता, कारण गरजच वाटली नव्हती. आई बरोबर होती. ज्यानं लिहिलं होतं त्यानं एक, दोन, तीन, चार आणि आठ हे पाच आकडे घेऊन सगळ्यांना सारखीच संधी देऊन टाकली होती. कवडी म्हणजे पाच बाजूंचा फासा असं त्याच्या मनानं धरलं होतं. मी म्हटलं, गणितानं दुरुस्त करते, उताणी-पालथी निम्मीनिम्मी धरायची, दहा मिनिटांचं काम. आईनं माझ्याकडे पाहिलं.

"निम्मीनिम्मी कोनं सांगितलं तुले? कवडी पालथी जास्त पडते."

"किती जास्त?"

ती उठली, गुडघा धरत बाहेर गेली, आणि दुकानातून दोनशे पानी जाड पुठ्ठ्याचं रजिस्टर घेऊन आली. स्टीलच्या पट्टीनं रकाने आखले. रोज सकाळी शंभर दानं, ओट्यावर, त्याच फरशीवर. प्रत्येक दान पडलं की मोठ्यानं आकडा म्हणायचा आणि लिहायचा, जिनिंगमध्ये म्हणायची तसाच. वीस दिवस, दोन हजार दानं. गल्लीतली माणसं थांबून पाहायची. मी खिडकीतून बघत असे आणि मला थोडी लाजही वाटायची, हे कबूल करते.

रजिस्टर भरल्यावर संध्याकाळी बसून मी सगळे आकडे फाईलमध्ये उतरवले आणि बंद झालेल्या तक्रारीखाली टाकले. सोबत आईनं सांगितलेलं एकच वाक्य: हे कवडीचं आहे, फाशाचं नाही, मी टाकून पाहिलं, तुम्ही पण टाकून पाहा.

दुसऱ्या दिवशी तोमाशचं उत्तर आलं. तोमाश हा पोलंडमधला शाळामास्तर, गणित शिकवतो आणि उरलेल्या वेळात हा प्रोग्राम सांभाळतो. त्यानं आधी माफी मागितली होती, तक्रार न वाचताच बंद केल्याबद्दल. मग लिहिलं होतं की बारा वर्षांत फाशांबद्दल चारशे तक्रारी आल्या, पण दोन हजार दानं टाकून पाहणारी व्यक्ती पहिलीच. आईला वाचून दाखवलं. तिनं पदरानं टॅबची काच पुसली आणि म्हणाली, "त्याले म्हना, चहा घ्याले ये."

चार दिवसांनी त्याचं दुसरं पत्र आलं, आणि ते मी आईला लगेच वाचून दाखवलं नाही.

फार सभ्य भाषेत लिहिलं होतं. बाकी सगळे आकडे सुंदर आहेत. पण आठशे एकपासून हजारपर्यंतचे दोनशे वेगळे दिसतात. इतरत्र दर शंभर दानांत आठ-नऊ ठिकाणी एकच आकडा लागोपाठ तीनदा येतो. या दोनशेत तसं एकदाही झालेलं नाही. तेव्हा काही वेगळं घडलं होतं का? आकडे प्रोग्रामात घेण्याआधी हे समजून घ्यायला हवं.

मी रजिस्टर काढलं. नववा आणि दहावा दिवस. अक्षर तेच, रकाने तेच. आणि मग आठवलं. त्या दोन दिवशी आईला ताप होता. आतल्या खोलीत गोधडी घेऊन पडली होती. मी तिला पेज करून दिली होती. ओट्यावर ती गेलीच नव्हती. तरी पानं भरलेली होती आणि तीच पानं मी, सात वर्षांच्या अनुभवाची इंजिनिअर, एकेक आकडा पाहत उतरवून घेतली होती.

"आई, तोमाश नवव्या-दहाव्या दिवसाचं विचारतोय. तू दानं टाकली होतीस?"

ती शेंगा सोलत होती. हात थांबले.

"अंदाजानं लिहिले," ती म्हणाली. "रकाना कोरा दिसत होता."

मग तिनं जे सांगितलं ते मला सव्वीस वर्षांत माहीत नव्हतं. शेतकऱ्याच्या गाडीचा आकडा तिनं कधी, एकदाही, मनानं लिहिला नाही. पण गोदामातल्या हवेचा एक वेगळा तक्ता असायचा, दर दोन तासांनी भरायचा. मीटर बिघडलेलं असलं तरी तो तक्ता कोरा चालायचा नाही. कोरा रकाना दिसला की साहेब ओरडायचा. मग कालचा आकडा थोडा इकडे तिकडे करून लिहायचा. तो तक्ता कधी कोणी वाचला नाही. हात असा बसला होता की ताप असतानाही कोरं पान तिला पाहवलं नाही. तिच्या लेखी ती लबाडी नव्हतीच, ती टापटीप होती.

"मी लिहिते त्याला," मी म्हटलं, "की उतरवताना माझ्याकडून घोळ झाला. चुकीची पानं चिकटवली. इथे कोण पाहायला येतंय?"

मला खरंच वाटत होतं की मी तिला वाचवते आहे. पोरीनं आईसाठी एवढं करावं की नाही?

आई उठून मोरीत गेली, तोंडावर पाणी मारलं आणि परत येऊन माझ्यासमोर खुर्ची ओढून बसली.  

"जलमभर म्हनत आली, माह्या आकड्यावर बोट ठेवा. ठेवलं त्यानं. सात समुंदर दुरून ठेवलं, आन् बरोब्बर जागी ठेवलं. आता ते बोट तुह्या अंगावर ढकलू? लिही. मी सांगते तसं लिहिजो, आपल्या मनाचं घालू नको."

मी लिहिलं. तिनं सांगितलेलं असं होतं: "आठशे एक ते हजार ही दानं मी टाकली नाहीत. मला ताप होता. आकडे मी मनानं लिहिले. माझ्या मुलीची यात चूक नाही. ते काढून टाका. बाकीची अठराशे खरी आहेत, पण तुम्ही ती आता कशाच्या भरवशावर धरायची? म्हणून तीही काढून टाका. मी पहिल्यापासून पुन्हा टाकते."

"अठराशे कशाला काढून टाकतेस? ती खरी आहेत ना?"

"मले माहीत आहे. त्याले कसं माहीत?"

 मी पाठवायचं बटण दाबलं. त्यानंतर दोन दिवस उत्तर आलं नाही. ते दोन दिवस आई टॅबकडे पाहायचीच नाही, पण त्याच्या आसपासची फरशी मात्र तिनं चार वेळा पुसली. मला तोमाशचा राग यायला लागला होता. इतकं लिहिल्यावर माणसानं निदान पोच तरी द्यावी. तिसऱ्या दिवशी त्याची एकच ओळ आली: "मी वाट पाहतो. घाई करू नका, आणि तब्येत सांभाळा."

एप्रिल लागला होता. मलकापूरचा एप्रिल म्हणजे सकाळी आठलाच फरशी तापते. रुखमाबाई बीबीहून परतल्या होत्या. आईनं त्यांना सगळं सांगितलं, तापाचंही. मला वाटलं, आता या बाई गल्लीभर करतील. रुखमाबाईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "मंग मी बसते ना समोर. तू टाक, मी आकडा म्हनते. तुह्या हातची चलाखी मले वीस वर्षापासून माहीत आहे, माह्यासमोर नाही चालत ते." नवं रजिस्टर आलं. एक टाकणार, दुसरी आकडा म्हणणार, दोघींना पटल्यावरच लिहायचं. कवडी फरशीच्या फटीत तिरकी उभी राहिली तर दान बाद. त्यावरून तीनदा भांडण झालं. एकदा रुखमाबाई उठून घरी गेल्या, आणि आई दान न टाकता त्या परत येईपर्यंत चाळीस मिनिटं उन्हात बसून राहिली.

बारावं पान मी तुम्हाला दाखवू शकते, मी त्याचा फोटो काढून ठेवलाय. वर तारीख, १४ एप्रिल. खाली शंभर रकाने, सगळे कोरे. त्यांच्यावर तिरकी रेघ नाही, खाडाखोड नाही. तळाशी आईच्या अक्षरात दोन शब्द: "टाकली नाहीत." त्या दिवशी ती पांढरीशुभ्र साडी नेसून, दुखऱ्या गुडघ्यानं, जयंतीच्या मिरवणुकीत स्टेशनपासून पुतळ्यापर्यंत चालत गेली होती. संध्याकाळी परतल्यावर तिनं रजिस्टर उघडलं. पेन हातात घेतलेलं मी पाहिलं. मी दारात उभी होते. ती त्या कोऱ्या पानाकडे बराच वेळ पाहत राहिली, मग ते दोन शब्द लिहून रजिस्टर मिटलं. "कसं तरीच दिसते," ती म्हणाली, "पन असू दे." मला आईचा अभिमान आयुष्यात पुष्कळदा वाटलाय, पण त्या संध्याकाळइतका कधी वाटला नाही.

तेवीस एप्रिलला दोन हजार पूर्ण झाली. चंग एकावन्न वेळा, अष्टा दोनशे साठ. म्हणजे कवडी खरंच पालथी जास्त पडते. आईनं पहिल्या दिवशी सांगितलं होतं तेच. या वेळी फाईल तिनं माझ्या शेजारी बसून स्वतःच्या बोटानं पाठवली. १४ एप्रिलची ओळ कोरीच ठेवायची, गाळायची नाही, यावर तिनं जोर दिला. तोमाशनं ती गाळली नाही. त्यानं फक्त विचारलं, त्या दिवशी काय होतं? आईनं सांगितलं आणि मी लिहिलं: बाबासाहेबांची जयंती. आता त्या प्रोग्रामात, जगात कुठंही कुणी अष्टाचंगाची ती फाईल उघडली, तर दोन हजार आकड्यांच्या मधोमध ती एक कोरी ओळ आहे, आणि तिच्यापुढे कारण लिहिलेलं आहे.

मेमध्ये नवी आवृत्ती निघाली. मदत करणाऱ्यांच्या यादीत दोनशेच्या वर नावं. त्यात बेबीताई शंकरराव हिवाळे, मलकापूर, आणि त्याखाली, आईनं हट्टानं लावायला लावलेलं, रुखमाबाई. मी त्याची रंगीत प्रत काढून आणली. आईनं ती बाबांच्या फोटोखाली चिकटवली, रुखमाबाईंनी त्यांच्या देव्हाऱ्याशेजारी. पाहुणे आले की आता आई ते जुनं वाक्य म्हणत नाही. पाहुण्यांना यादीपाशी नेते आणि आधी तापाची गोष्ट सांगते. मी म्हटलं, एवढं कशाला सांगतेस सगळ्यांना? ती म्हणाली, "त्याच्याशिवाय बाकीचं कोन मानन?"

गेल्या आठवड्यात तोमाशचं पत्र आलं. पत्र मला नव्हतं, तिला होतं. दक्षिणेकडच्या एका मास्तरांनी सहा कवड्यांच्या खेळाची हजार दानं पाठवली आहेत. ती प्रोग्रामात घ्यायची की नाही ते ठरवायचंय. बेबीताई, तुम्ही एकदा पाहाल का? या कामात तुमच्याइतका मला कुणावर भरवसा नाही.

मी ते दोनदा वाचलं. सात वर्षांत माझं काम कुणी असं कुणाकडे तपासायला दिलं असेल, पण दुसऱ्याचं काम तपासशील का, असं मला अजून कुणी विचारलेलं नाही. आईनं चष्मा लावला. मी आकडे मोठे करून दिले. तिनं टॅब मांडीवर घेतला आणि एकेक आकड्यावरून बोट नेत, ओठांत म्हणत गेली. मी गणितानं तपासायचा प्रोग्राम लिहायला घेतला होता. माझं अजून अर्धंही झालं नव्हतं तोच तिचं बोट थांबलं.

"इथून पाह्य. तीनशे एकपासून. दोन, तीन, एक, चार, दोन, तीन. कवडी अशी शहाणी नसते. एकच दान धरून बसते ते. हे टाकलेलं नाही."

मी माझा प्रोग्राम पुरा करून चालवला. तीनशे एक ते चारशे. तिनं दाखवलं तिथंच.

"मग काय लिहू? नामंजूर?"

"काऊन नामंजूर? नऊशे तं खरे दिसतात." तिनं चष्मा काढून पदरानं पुसला. "त्या दक्षिनेच्या मास्तराले लिही, त्या दिवशी ताप होता काय? म्हना, कोरं ठेवा. चालते कोरं."

मी लिहिलं. तिनं सांगितलं तसंच, माझ्या मनाचं काही न घालता.